रिकामा चौकोन

रविवारी संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या घरात लॅपटॉप उघडतो. आठवडाभर ऑफिससाठी स्लाइड करून हात बसलेला असतो. आता त्याच पॉवरपॉइंटमध्ये स्वतःच्या व्यायामाचा आठवडा मांडला जातो. एका स्लाइडवर सात चौकोन. सोमवारी तलावपाळीला चालणे, मंगळवारी आणि गुरुवारी बैठका, बुधवारी सूर्यनमस्कार, रविवारी येऊर. कोपऱ्यात वजन आणि कमरेचे माप.

कल्पना चांगली आहे, आणि तिच्यामागची रीत जुनी आहे. प्रसिद्ध बलोपासक युजेन सँडोच्या व्यायामाच्या पुस्तकात वयोगटाप्रमाणे कुठला प्रकार किती वेळा करायचा, याचे तक्ते असत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडोच्याच पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, संस्थानच्या शाळांत त्यांनी तो सुरू केला आणि १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही काढले. व्यायाम डोळ्यांसमोर मांडला की अंगवळणी पडायला मदत होते. घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थेचे योगवर्ग ज्या नौपाड्यात आहेत, तिथे हे वेगळे सांगायला नको.

आता संशोधनाचाही आधार आहे. २०१६ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. आपण कुठवर आलो हे वेळोवेळी तपासणाऱ्यांच्या हातून ठरवलेले काम अधिक पार पडते, आणि नोंद लिहून ठेवली किंवा चारचौघांना दाखवली तर परिणाम आणखी वाढतो, असे त्यात दिसले. मग घरच्यांनाही दिसणारी स्लाइड उपयोगी का पडणार नाही?

पडते, पण या साधनाचा एक स्वभाव आहे. रॉबर्ट गॅस्किन्स आणि सहकाऱ्यांचे पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले, ते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करण्यासाठी, म्हणजे समोरच्याला पटवण्यासाठी. पटवताना माणूस गैरसोयीचे तेवढे गाळतो, नाहीतर बारीक अक्षरात खाली ढकलतो. २००३ साली कोलंबिया अवकाशयान परतताना तुटून सात अंतराळवीर गेले. यान अवकाशात असताना, उड्डाणावेळी त्याला झालेल्या नुकसानीचा अंदाज मांडणारी एक स्लाइड दाखवली गेली होती. धोक्याची खरी सूचना तिच्या तळाच्या ओळींत दबली होती, हे माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढे उलगडून दाखवले.

व्यायामाच्या स्लाइडवर दबतो तो खूण न पडलेला, म्हणजे रिकामा, चौकोन. नवा आठवडा सुरू करताना जुनीच स्लाइड पुसून वापरली जाते. चुकलेला गुरुवार पुसला जातो, आणि त्याबरोबर तो का चुकला हेही. खरी माहिती तर तिथेच असते. म्हणून दर आठवड्याची स्लाइड जशीच्या तशी राहू द्यावी, पुढच्यासाठी तिची प्रत काढावी आणि रिकाम्या चौकोनात दोन शब्द लिहावेत: ‘गाडी लेट’, ‘गुडघा’, ‘पाहुणे’. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सांगते. त्यांपैकी झालेल्या मिनिटांची बेरीजही तळाला नव्हे, वर ठळक अक्षरात असावी.

आठ स्लाइड ओळीने पाहिल्या की दिसते: आठपैकी सहा गुरुवार रिकामे, आणि सहाही ठिकाणी ‘ऑफिसात उशीर’. मग नवव्या स्लाइडवर गुरुवारच्या चौकोनातून बैठका जातात. तिथे येते, ‘ठाणे स्टेशनपासून गोखले रोडने घरी चालत, रिक्षा नाही.’