गाण्यातील फिर्यादी

किंक्स या लंडनच्या रॉक बँडविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यात इंग्रजपणाचा गौरव इतक्या सढळ हाताने केलेला असतो की, त्यांचा गीतकार रे डेव्हिस हा चहा, क्रिकेट आणि गावची हिरवळ यांचा सरकारी दप्तरदार असावा, असा अजाण वाचकाचा ग्रह व्हावा. या स्तुतीच्या बुडाशी असलेला सिद्धान्त वरवर पाहता तर्कशुद्ध भासतो. १९६५ च्या उन्हाळ्यातील बेबनावाच्या दौऱ्यानंतर अमेरिकेतील वादकसंघटनेने त्यांना परवाने नाकारले, ही बंदी १९६९ पर्यंत टिकली, आणि ती बाजारपेठ बंद झाल्यामुळे डेव्हिस नाइलाजाने लंडनच्या मझवेल हिल या आपल्या उपनगराकडे वळला, असे हे प्रतिपादन आहे.

बंदी झाली हे खरे, आणि तिने धंद्याची मोठी हानी केली हेही मला मान्य आहे. परंतु हुकूम सुटला म्हणून दृष्टी उपजली, हे काही केल्या पटत नाही. जानेवारी १९६५ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या त्या दौऱ्याच्या कित्येक महिने आधी, ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर ही मंडळी मुंबईत थांबली असता, सकाळी कामावर निघालेल्या मच्छीमारांचे गाणे डेव्हिसने ऐकले आणि त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ स्फुरले, असे तो स्वतःच सांगत आला आहे. (त्यात सतार ऐकणाऱ्यांनी पुन्हा एकवार ऐकावे, ती गिटार आहे.) धाकटा भाऊ डेव्ह याने ध्वनिवर्धकाचा पडदा ब्लेडने फाडून मिळवलेल्या त्या खरखरीत नादावर ‘यू रिअली गॉट मी’ १९६४ मध्ये अग्रस्थानी पोहोचले होते, तेच नाणे पाडत राहणे सोयीचे असताना हा मनुष्य परक्यांच्या तोंडचे सूर घेऊन बसला, तेव्हा कोणती बंदी होती? बीटल्सना तर अमेरिकेची दारे सताड उघडी होती, तरी १९६७ मध्ये त्यांनी लिव्हरपूलच्या ‘पेनी लेन’वर गाणे केलेच. आणि बंदी उठल्यानंतर, १९७१ मध्ये, किंक्सनी जो संग्रह काढला त्याचे नाव ‘मझवेल हिलबिलीज’! कारण नाहीसे झाल्यावर कार्य अधिकच बळावावे, हा कार्यकारणभाव विलक्षणच म्हणावा लागेल.

डेव्हिसला निव्वळ गतकालाचा भाट ठरवणारे जे आहेत, त्यांनी गाणी ऐकण्याऐवजी शीर्षके वाचली असावीत.

माझ्या मते खरा भेद इंग्रज आणि अमेरिकन यांत नसून, गीतातील ‘मी’ स्वतःचा आहे की उभा केलेला, यात आहे. १९६६ मध्ये ब्रिटनच्या विल्सन सरकारच्या जबर करांवर दोन गाणी आली. ‘टॅक्समन’मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने वसुलीदाराच्या तोंडी शब्द घातले असले, तरी फिर्याद त्याची स्वतःचीच आहे, आणि ती रास्तही असेल. किंक्सच्या ‘सनी आफ्टरनून’मध्ये मात्र बोलतो तो एक नागवला गेलेला ऐदी श्रीमंत, मोटार घेऊन माहेरी गेलेली प्रेयसी आपल्या दारूबाजीच्या आणि क्रौर्याच्या कहाण्या सांगत सुटली आहे, हेही तोच सांगून टाकतो. फिर्यादी स्वतःविरुद्धच जबानी देत असता त्याची कीव यावी, एवढेच नव्हे तर त्याच्याबरोबर उन्हात पडून राहावेसे वाटावे, ही किमया कैफियत मांडणाऱ्याला साधत नाही. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी, बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनातील जोडसंग्रह निघाला त्याच दिवशी, किंक्सचा ‘व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ हा संग्रह बाहेर पडला आणि बाजारात आपटला. त्याच्या शीर्षकगीतात तर बोलते ती एक आख्खी संस्था, आणि जतन करावयाच्या तिच्या यादीत, इंग्रजपणाच्या उपासकांनी नोंद घ्यावी, डोनाल्ड डकही आहे.

किंक्सच्याच ‘वॉटर्लू सनसेट’ या गाण्यातील टेरी आणि ज्यूली म्हणजे त्या वेळचे दोन सुप्रसिद्ध नट-नटी, असे ठरवण्यात, डेव्हिसने नाकारल्यावरही, पुष्कळ शाई खर्ची पडली आहे; पण त्या दोघांना खिडकीतून पाहणारा, घराबाहेर न पडणारा तो गृहस्थ डेव्हिसच, हे मात्र विचारपूस न करता गृहीत धरले जाते.