डब्यातली नसलेली हवा

जमिनीवर घडा नाही, असं म्हणताना आपण जमिनीबद्दल बोलतो, घड्याबद्दल बोलतो, की 'नाही' नावाच्या आणखी कशाबद्दल? न्याय-वैशेषिकांनी हे तिसरं उत्तर इतकं मनावर घेतलं, की द्रव्य, गुण, कर्म यांच्या पंगतीत अभावालाही सातवा पदार्थ म्हणून पाट मांडून दिला. प्राभाकर मीमांसकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते नुसती जमीन दिसली की झालं. तिच्यावर अभाव नावाचा पाहुणा बसलाय असं मानायची गरज नाही. पुण्याला हा वाद परका नाही. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारला आणि भांडारकर संस्थेने तो १९२८ साली छापला. संस्थेच्याच बाजूच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली, गाड्या तपासणारी एआरएआय आहे. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण अभाव खरा की खोटा याचा निकाल लावायचा, तर जुन्या गाडीच्या बॉनेटखालचा ब्रेक बूस्टर हा मला पोथीइतकाच भरवशाचा साक्षीदार वाटतो.

बूस्टर म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मधला पत्र्याचा काळा, चपटा डबा. आत रबरी पडदा. पेट्रोल इंजिन चालू असताना डब्यातली हवा पाइपातून इंजिनाकडे निघून जाते, आणि पाइपातला एकमार्गी व्हॉल्व ती परत येऊ देत नाही. पेडलवर पाय पडला, की पडद्याच्या मागच्या अंगाला बाहेरची हवा शिरते, पुढच्या अंगाला ती जवळजवळ नसते, आणि पडदा पुढे रेटला जातो. नऊ इंची पडद्याच्या दोन अंगांत पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरइतका फरक असेल, तर हा रेटा सुमारे २८० किलोंचा भरतो. आता हौसेने कुणी जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट बसवला, की इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात. मग सिग्नलला गाडी थांबलेली असताना व्हॅक्यूम, म्हणजे डब्यातलं हवेचं हे नसणं, निम्म्यावर येऊ शकतो आणि रेटा १४० किलोंवर. जुनं डिझेल इंजिन घातलं तर त्याला हवा अडवून व्हॅक्यूम तयार करणारा थ्रॉटलच नसतो, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गत्यंतर नाही. लायनर नवे, ऑइल भरलेलं, एकही भाग तुटलेला नाही. आणि पेडल दगडासारखं.

इथे पहिला आक्षेप येणारच. व्हॅक्यूम पेडल खेचतो, असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात, पण नसलेली हवा काय खेचणार? काम करते ती बाहेरची, असलेली हवा. आक्षेप खरा आहे. पुरावा पुण्यातच आहे: शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७१० मिलिमीटरच्या आसपास, मुंबईत ७६०. घाट चढून आलेल्या गाडीच्या बूस्टरची कमाल ताकद तेवढ्याने उतरते. मात्र एवढ्यावरून अभाव निकामी ठरत नाही. बाहेरची हवा पडद्याला रेटायला कायमच तयार असते. समोरही हवा असली की तिचा रेटा जागच्या जागी जिरतो. नैयायिकांचं जुनं उदाहरण नेमकं हेच आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला की आग जाळत नाही. मीमांसक म्हणाले, आगीतली शक्ती नष्ट झाली. नैयायिक म्हणाले, शक्ती वगैरे वेगळं काही मानू नका. मणी नसणं हाही जळण्याच्या कारणांतला एक भाग. याला ते प्रतिबंधकाभाव म्हणतात. मण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, युक्तिवाद डब्याला तंतोतंत बसतो. आणि त्याची मर्यादाही डबाच दाखवतो: पेडल मोकळं असताना पडद्याच्या दोन्ही अंगांना हवा सारखीच काढलेली असते आणि काहीच घडत नाही. अभाव निमित्तकारण होतो, एकटा कर्ता होत नाही.

प्राभाकरांचा आक्षेप जास्त चिवट आहे. ते म्हणतील, नुसता डबा आहे म्हणा, पुरे. पण तंदुरुस्त बूस्टर आणि दुबळा बूस्टर यांत पत्रा तोच, पडदा तोच, स्प्रिंग तीच. फरक सांगायला तोंड उघडलं की 'इथे हवा कमी आहे, तिथे तेवढी कमी नाही' असंच म्हणावं लागतं, आणि 'कमी' या शब्दात मागच्या दाराने अभाव आत येतोच. आत थोडी हवा उरतेच, मग कसला अभाव, असंही कुणी म्हणेल. त्यावर नैयायिकांचा नियम आहे: अभाव कधी मोघम नसतो. कशाचा आणि कुठे, हे सांगावं लागतं. कशाचा, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. हा नुसता शब्दच्छल असता तर मी सोडून दिला असता. पण पेडल कडक झालं म्हणून नाना पेठेत जाऊन नवे पॅड आणि मास्टर सिलिंडर घेणारा माणूस 'आहे' त्यातच दोष शोधत असतो. त्याला विचारायला हवं ते हे: कुठली हवा, कुठल्या कप्प्यात, नको असताना शिरते आहे?

एक अडचण मात्र नैयायिकांचीही आहे. त्यांच्या मते प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यावरचा तिचा अभाव, एकदा झाला की संपत नाही. बूस्टरमधला अभाव तर क्षणाक्षणाला संपतो. असा येऊन-जाऊन असणारा अभाव काहींनी सामयिकाभाव म्हणून वेगळा मोजला, इतरांनी अत्यंताभावात, म्हणजे कायमच्या अभावातच बसवला. मला पहिला पक्ष बरोबर वाटतो, कारण हा अभाव कुणीतरी कमवावा आणि राखावा लागतो. चिरलेला पाइप बदलणं, एकमार्गी व्हॉल्व तपासणं, व्हॅक्यूमची टाकी किंवा विजेवरचा पंप जोडणं ही सगळी ती राखण. खंडेनवमीला गाडीला झेंडू वाहतो तेव्हा हळदकुंकू बॉनेटवर लागतं, पाइपाकडे कुणी बघत नाही. पूजेला माझी हरकत नाही, तिच्या पोहोचेला आहे.

नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना इंजिन बंद केलं, तर डब्यात साठलेला अभाव जेमतेम दोन-तीन दाबांना पुरतो. म्हणून गाडीत बदल केले असतील तर एवढं कराच: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.