लाल बावटा

दिवाळीला चार दिवस होते. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत व्याऱ्याच्या सुमारास समोरच्या गृहस्थांनी आपली पिशवी हलकेच बाकाखाली सरकवली. वर चिवड्याचा डबा, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले फटाके. गाडीत फटाके नेण्यास बंदी आहे हे त्यांना ठाऊक होते; म्हणून तर चिवडा वर होता! “नातवंडं वाट पाहताहेत,” ते ओशाळे हसून म्हणाले. मीही हसलो. दारात एक पोरगा विडी ओढीत उभा होता.

माझी बहीण नवापूरला असते. तेथले स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. गावाजवळून सुरत-धुळे महामार्ग जातो. तेथे चहा पीत उभे राहिले की टँकर दिसतात. त्यांच्या पाठीवर चौकटीत आकडे आणि चिन्हे असतात : आत काय आहे, पेटले तर पाणी मारावे की फेस, मदतीला कोणाला बोलवावे. असा टँकर हाकणाऱ्याला १९८९ च्या केंद्रीय नियमांनी तीन दिवसांचे शिक्षण लावून दिले आहे. त्याला लिहितावाचता यावे आणि मालाची लेखी माहिती त्याच्याजवळ असावी, असेही नियम सांगतात.

या शिक्षणात मला एक मोठा पेच दिसतो. अपघाताचा विचार म्हणतो, पाटी ठळक लिहा. घातपाताचा विचार म्हणतो, कोणाला काही कळू देऊ नका. एकाच माणसाने एकाच वेळी सांगायचे आणि लपवायचेही!

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी हाच पेच पेटला. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीला कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एकत्र! धोक्याच्या मालावर लाल बावटा लावायचा ही बंदराची रीत. पण युद्धाचे दिवस, शत्रूला खूण नको, म्हणून बावटा नव्हता. दुपारी धूर दिसला, आणि चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. त्यांत आगीशी झुंजणारे ६६ जवान होते. बावटा न लावणारे काही दुष्ट नव्हते. त्यांच्यापाशी कारण होते, आणि ते पटण्यासारखे होते. बाकाखालच्या पिशवीलाही कारण होतेच की.

नवापूरकरांनी याची दुसरी बाजू पाहिली आहे. २००६ च्या फेब्रुवारीत येथल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा पुष्कळांनी राणीखेत रोग म्हणून मनाची समजूत घातली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू ठरला. कोंबड्यांतली देशातली ती पहिलीच साथ. मग लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, किती घरांचा धंदा बसला. धोका बोलून दाखवला की झळ बोलणाऱ्याच्या घराला लागते; लपवला तर ती कोण्या अनोळखी माणसाला लागते. जीभ अडते ती येथे.

मला वाटते, कोठून आणि केव्हा जाणार हे ड्रायव्हरने खुशाल लपवावे. आत काय आहे हे लपवू नये. चोर ते वाचील, वाचू दे. पुढे कोंडाईबारीच्या घाटात टँकर कलंडला तर पहिला धावून येणार तो पाड्यावरचा, घरी मावची बोलणारा माणूस. त्याला ते आकडे काय सांगणार? सांडलेले इंधन भरून न्यायला लोक कळशा घेऊन धावतात, हे आपण किती वेळा वाचले आहे! तेथे पाटीचे काम ड्रायव्हरच्या तोंडालाच करावे लागते. त्याने ओरडून माणसे लांब घालवावीत, मग ती त्याला शिव्या का देईनात. तीन दिवसांत एवढा घसा तयार होतो का, देव जाणे.

नवापूर आले. पिशवी होती तेथेच होती. गृहस्थ डुलक्या घेत होते. दारातल्या पोराने मला वाट देण्यासाठी विडी दुसऱ्या हातात घेतली. “बाबा रे, आत फटाके आहेत,” एवढेच म्हणायचे होते. पण म्हातारा उघडा पडला असता, नातवंडांची दिवाळी गेली असती.

“जरा सरक,” मी म्हणालो आणि उतरलो.