ऊसतोड कामगार सभासद का नाही?

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले, त्याच वर्षी केंद्राचे नवे राष्ट्रीय सहकार धोरणही आले, आणि शाश्वत व सर्वसमावेशक विकासाचा सारा भार एकदम सहकारावर टाकला गेला. महाराष्ट्रात मात्र याच काळात दुसरा सूर अधिक जोरात ऐकू येतो. सहकारी साखर कारखाने म्हणजे घराणेशाही, तोटा आणि सरकारी हमीवर काढलेली कर्जे. उरलेसुरले विकून मोकळे व्हा, असे सांगणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ आहेत, संपादक आहेत आणि खरेदीला टपलेलेही आहेत. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. पण ते देताना सहकाराचा गौरव करणाऱ्यांचीही सुटका होता कामा नये.

विक्रीवाद्यांना पहिले उत्तर इतिहासाचे आहे. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले, की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकी बहुतेक सावकाराकडे. त्या काळात धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासिकेपुरता थांबला नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या शेतकरी सहकाऱ्यांबरोबर तो प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरला आणि पहिला अध्यक्ष झाला. 1950 च्या अखेरीस कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गाडगीळांच्या विचाराचे मर्म असे, की लहान शेतकऱ्याचे दारिद्र्य केवळ जमिनीच्या तुकड्यामुळे येत नाही. शेतमालावर प्रक्रिया करणारा आणि बाजार हातात असणारा दुसराच कोणी असतो, म्हणून ते टिकते. गाळपाचे यंत्र शेतकऱ्याच्या मालकीचे झाले, तर उसात पिकणारे मूल्य त्याच्याच गावात राहील. पश्चिम महाराष्ट्रातील शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि रस्ते पाहिले तर हे निदान चुकीचे होते असे कोण म्हणेल? आज राज्यातील जवळपास निम्मे कारखाने खासगी आहेत. पाणी, तोडणीचे मजूर पुरवणारा मुकादम आणि मजुरांना दिली जाणारी आगाऊ रक्कम म्हणजे उचल यांबाबत त्यांची रीत सहकारी कारखान्यांपेक्षा वेगळी असल्याचे कुठे दिसत नाही. मालक बदलल्याने प्रश्न सुटत नाही. फक्त ज्याला जाब विचारता येईल ती सर्वसाधारण सभा नाहीशी होते.

इथपर्यंत गाडगीळांची बाजू भक्कम आहे. पण तिच्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सहकाराच्या कैवाऱ्यांना टाळता येणार नाही. मूल्य गावात राहिले हे खरे. पण गावातल्या कोणाकडे? कारखान्याचा उत्पादक सभासद म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे, जमिनीला पाणी आहे आणि पाण्यावर ऊस आहे तो. एक सभासद एक मत हे तत्त्व सुंदर आहे, पण सभासदत्वाचे दार उसाच्या रुंदीचे असेल तर लोकशाही आतल्यांपुरतीच उरते. बीड आणि नगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून दर वर्षी लाखो माणसे कोयता घेऊन निघतात. नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ धरली जाते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम संपत आलेला असतो, आणि कारखाना सांगतो की ही माणसे आमची नव्हेत, मुकादमाची. 2019 मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा अशा स्त्रियांची संख्या हजारांत निघाली. शाश्वत विकासावरच्या कोणत्याही भाषणापेक्षा ही पाहणी महत्त्वाची आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली, तीही संघटनांच्या दबावाने आणि वाटाघाटीने. ज्या संस्थेसाठी ही माणसे राबतात, तिच्या सभेत त्यांचे मत असते तर इतकी वर्षे वाट पाहावी लागली नसती.

पाण्याचेही तेच आहे. राज्यातील पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा अगदी लहान, सिंचनाच्या पाण्यात मात्र सिंहाचा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि तरीही मराठवाड्यात ऊस आणि कारखाने राहिलेच. असे होणार हे सभासदत्वाच्या व्याख्येतच ठरलेले आहे. सभासदाचा लाभ टनांवर मोजला जात असेल, तर प्रत्येक सभासद आणखी ऊस लावील. खोऱ्याच्या शेपटाकडचा शेतकरी आणि विहीर आटलेली बाई मतदारयादीत नाहीत, म्हणून त्यांचे नुकसान ताळेबंदात नाही.

याला पर्याय महाराष्ट्रातच घडवला गेला होता. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव परिसरात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर नाही, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, भूमिहीनालाही वाटा, लाभधारकाची स्वतःची वर्गणी, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ऊस घ्यायचा नाही. समावेशकता आणि शाश्वतता यांची सांगड इथे भाषणात नव्हती, नियमात होती. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की प्रयोग चांगला होता पण पसरला नाही, साखर कारखाने मात्र राज्यभर पसरले. हा आक्षेप न्याय्य नाही. कारखाने आपोआप पसरले नाहीत. त्यांना सरकारने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली, धरणांचे कालवे दिले. पाणी पंचायतीला त्या तोलाचे बळ कधी मिळाले? शासनाने जे वाढवायचे ठरवले ते वाढले. टिकाऊपणाची परीक्षा घ्यायची तर दोघांना सारखे खत-पाणी दिल्यानंतर घ्यावी.

दुसरा आक्षेप कामगारांना सभासद करण्यावरचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ऊसतोड कामगार सहा महिने इथे, सहा महिने तिथे. भांडवल नाही, उचलीचे ओझे डोक्यावर. तो सभासद कसा होणार? शिवाय आपल्याकडच्या कित्येक मजूर सहकारी संस्था ठेकेदारांच्याच हाती गेल्या, हे नाकारता येत नाही. पण केरळात वडकरेजवळची उरालुंगल मजूर संस्था 1925 पासून उभी आहे, मजूरच तिचे सभासद आहेत, आणि ती आज रस्ते व पूल बांधते. 1969 मध्ये कण्णूरच्या विडी कामगारांना खासगी कारखानदारांनी वाऱ्यावर सोडले, तेव्हा त्यांनी केरळ दिनेश बीडी ही स्वतःची सहकारी संस्था काढली. मजुराला सहकार जमत नाही, हा समज या दोन संस्थांपुढे टिकत नाही. भांडवलाची अडचणही अजिंक्य नाही: तोडणीच्या रकमेतून हंगामागणिक लहान हप्ता कापून भाग पूर्ण करता येतो, जसा उसाच्या बिलातून शेतकऱ्याचा होत आला. उचल कारखान्याने थेट कामगारांच्या संस्थेला दिली, तर मुकादमाच्या सत्तेचा कणाच मोडतो.

वाचकांत साखर कारखान्यांचे सभासद बरेच असतील. त्यांना विनंती आहे, की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन ठराव मांडावेत: सलग तीन हंगाम तोडणी करणाऱ्या कामगारांना, नवऱ्याला आणि बायकोला स्वतंत्रपणे, मतासह सभासदत्व देणारी उपविधी-दुरुस्ती, आणि कार्यक्षेत्रातील पाण्याच्या उपलब्धतेनुसार ऊस-नोंदीवर कमाल मर्यादा. ठराव फेटाळले गेले तरी कोणी कशासाठी फेटाळले, याची नोंद इतिवृत्तात राहील, आणि पुढच्या वर्षी तेच ठराव पुन्हा मांडावेत.