टोकाटा आणि अवघडपणाचे मोल

टोकाटा या वाद्यरचनेच्या प्रकाराचे नाव ‘स्पर्श करणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आले. पट्ट्यांना बोटे कशी भिडतात यातच या प्रकाराचा जीव आहे. म्हणून अवघडपणाला स्वतःचे मोल असते का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. फ्रेस्कोबाल्डीच्या १६३५ च्या ‘फिओरी म्युझिकाली’ या ऑर्गनवरील रचनासंग्रहातील काही टोकाटा प्रार्थनाविधीत पवित्र भाकर उंचावण्याच्या क्षणासाठी आहेत. त्या संथ आहेत. तिथे स्पर्श हीच उपासना.

पियानोवर मात्र कस लागतो तो दमाचा. शूमानची ओपस ७ दोन्ही हातांना जोडस्वरांतून अखंड पळवते. प्रोकोफिएव्हची १९१२ मधली ओपस ११ एकाच ‘डी’ स्वरावर आळीपाळीने पडणाऱ्या हातांनी सुरू होते आणि मनगट ताठरले की तिथेच कोसळते.

सर्वांत खोल उत्तर रावेलकडे सापडते. त्याच्या ‘ल तोंबो द कूपरँ’ या पियानोरचनेतील प्रत्येक भाग पहिल्या महायुद्धात गेलेल्या मित्रांच्या स्मृतीस वाहिलेला आहे, शेवटची टोकाटा जोसेफ द मार्लियाव यांच्या. १९१९ मध्ये ती प्रथम वाजवली त्यांच्या पत्नी मार्गरीत लाँग यांनी. एकच पट्टी झरझर पुन्हा दाबताना ती पुरती वर येण्याआधीच पुढचे बोट तयार हवे, तेही हलके. वादकाला विलाप करायला उसंतच मिळत नाही. सारे लक्ष बोटांच्या टोकांशी एकवटते. अशी एकाग्रता हे शोकाचेच एक रूप आहे, आणि अवघडपणाचे मोल तिच्यात आहे. अखेरीस ई मायनर मागे पडतो आणि रचना ई मेजरमध्ये झळाळून थांबते.