कानाची साक्ष

लॅपटॉपला यूएसबी डॅक जोडला. संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी ही बोटभर डबी. किशोरीताईंच्या भूपातला तानपुरा एकदम स्वच्छ ऐकू आला. मित्रानं विचारलं, ‘मीही घेऊ का?’ तेव्हा अडखळलो. साक्ष देणारा कान माझा, आणि मोजलेले पैसेही माझेच. शिवाय आवाज किंचित मोठा असला तरी सरस वाटतो. म्हणून दोन्हींची पातळी मोजून सारखी केली, डोळे मिटले आणि मुलीला पिन बदलत राहायला सांगितलं. १६ पैकी ९ वेळा ओळखलं. नाणं उडवूनही तेवढं जमतं. गाणं थांबल्यावर ऐकू येणारी जॅकची खरखर मात्र खरोखरच गेली होती. मित्राला तेवढंच सांगितलं: खरखर असेल तर घे. तानपुऱ्याबद्दल बोललो नाही. भ्रम आपल्यापुरता असेतो निरुपद्रवी. कळूनही सल्ला म्हणून दिला, की ती फसवणूक.