बी आणि फांदी

थोडा वेळ काढून स्वस्थ बसा. हातात बहाव्याची एक वाळलेली शेंग असू द्या. वैशाखात बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो, तेव्हाही गेल्या वर्षीच्या हातभर लांब, काळ्या शेंगा त्याच फांद्यांवर लोंबत असतात. ही शेंग कानाशी नेऊन हलवा. आत बिया वाजतात.

आता ती फोडा. पातळ पडद्यांचे कप्पे, काळा चिकट गर, आणि प्रत्येक कप्प्यात आडवी निजलेली एक बी. एक बी धुऊन तळहातावर घ्या. चपटी, तपकिरी, गुळगुळीत. ही बी तशीच पाण्यात टाकली तर कितीतरी दिवस फुगत नाही. कवच पाण्याला आत येऊ देत नाही.

इथे मन थांबवा. जिला उगवायचं आहे, ती पाणी का नाकारते?

वळवाची सर येते, माती भिजते आणि नंतर पुन्हा कडक ऊन पडतं. पहिल्या ओलाव्याला भुललेला कोंब त्या उन्हात जळतो. कवच झिजायला प्रत्येक बीला वेगळा काळ लागतो, म्हणून एकाच झाडाच्या बिया वेगवेगळ्या पावसाळ्यांत उगवतात. रानात माकडं, कोल्हे, अस्वलं गर खातात आणि त्यांच्या पोटातून जाताना कवच मऊ पडतं. घरी ते काम आपल्या हातांचं.

पॉलिश पेपरवर बीची कड हलकेच घासा. डोळ्याचं टोक सोडा, कारण मूळ तिथून फुटतं. आतला फिकट रंग दिसला की हात थांबवा. बी रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ती फुगून जवळजवळ दुप्पट झालेली दिसेल. ती कुंडीत बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल पेरा. आपण फक्त दार किलकिलं केलं. पुढचं सगळं तिला ठाऊक आहे.

आता देवचाफ्याकडे या. त्याची वीतभराहून थोडी लांब, अंगठ्याएवढी जाड फांदी कापा. पांढरा चीक वाहू लागेल. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. कापलेली फांदी लगेच मातीत खोचावीशी वाटते. थांबा. आठवडाभर ती सावलीत आडवी ठेवा. जखम वाळू द्या. ओल्या जखमेनिशी लावलेली फांदी मातीत कुजते.

जखम भरल्यावर निम्मी वाळू, निम्मी माती अशा कुंडीत ती चार बोटं खोल लावा आणि पाणी बेतानंच द्या. काही आठवड्यांनी शेंड्याला पान दिसेल. तेव्हाही फांदी उपटून पाहू नका. साठवलेल्या रसावर पान आधी येऊ शकतं, मूळ मागाहून येतं.

आता दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून पाहा. बहाव्याचं रोप नवं आहे. असं नेमकं झाड यापूर्वी कधीच नव्हतं. त्याच्या फुलाची छटा, घोसाची लांबी आईपेक्षा थोडी निराळी असेल. चाफ्याचं तसं नाही. ज्या अंगणातून फांदी आणली, तिथलंच झाड आता तुमच्याकडेही उभं आहे, तोच रंग, तोच वास घेऊन. चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपल्याकडे त्याला शेंगा क्वचितच धरतात. तो हातोहात, फांदीफांदीनं पसरला. देवळाच्या आवारातला, शाळेच्या कुंपणालगतचा आणि तुमच्या दारातला चाफा एकच झाड असू शकतं. त्याचं आयुष्य कुठे सुरू झालं हे कोणी सांगावं?

बीला ओरखडा लागतो, फांदीला विसावा. दोघींनाही लागते ती आपली सबुरी. बियांपासून वाढवलेला बहावा फुलायला बरीच वर्षं घेतो. ती वर्षं वाया जात नाहीत. रोज सकाळी मातीला बोट लावून ओल पाहणारा माणूसही त्या काळात वाढत असतो.

या पावसाळ्याआधी एक शेंग उचला आणि एक फांदी मागून आणा. कुंडी ही त्यांची पहिली खोली आहे, कायमचं घर नव्हे. म्हणून पेरतानाच ठरवा की हे झाड पुढे कुठे उभं राहील आणि त्याची सावली कोणाकोणाला मिळेल.